ओढ्यांतील बारीक मासा कसा ओळखावा

पावसाळा ओसरून ओढे निवळूं लागले म्हणजे डोहांत बोटभर लांबीचे मासे दिसूं लागतात. डांसांचा उपद्रव कमी व्हावा म्हणून पुष्कळ शेतकरी असे मासे धरून विहिरींत किंवा शेततळ्यांत सोडतात. हेतु चांगला आहे. परंतु मासा कोणता हें आधीं ओळखणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

ओळखतांना केवळ रंगावर विसंबूं नये; गढूळ पाण्यांतील मासा फिका व निवळ पाण्यांतील गडद दिसतो. कांचेच्या बरणींत स्वच्छ पाणी घेऊन मासा त्यांत ठेवावा व प्रथम तोंड पाहावें.

तोंड खालच्या अंगास असल्यास तो तळाशीं राहणारा मासा समजावा. तोंडामागें चकती असून तिच्या योगानें तो दगडास चिकटत असेल तर तो मळ्या होय. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां हेंच देशी नांव त्याच्या शास्त्रीय नांवांत घातलें. अंग लांबट व तोंडाशीं मिशांच्या तीन जोड्या असल्यास ती मुरी. हे दोन्ही मासे पृष्ठभागावरील डांसांच्या अळ्या खाण्याच्या कामीं फारसे उपयोगी नाहींत.

तोंड वर वळलेलें असेल तर मात्र बारकाईनें पाहावें. अशा माशांत देशी व परदेशी दोन्ही आढळतात. देशी माशास शास्त्रज्ञ ॲप्लोकायलस म्हणतात. त्याचें डोकें वरून चपटें असून माथ्यावर एक चकाकणारा पांढरा ठिपका असतो. वरून पाहतांच तो नजरेंत भरतो. पोटाखालचा मागील पर लांब असतो. मादी पाणवनस्पतींवर अंडीं घालते.

परदेशी मासा म्हणजे गंबुसिया. हा १९२८ सालीं हिंवतापाच्या निवारणार्थ हिंदुस्थानांत आणला गेला. रंग करडा, माथ्यावर तसा ठिपका नाहीं, मागील पर आंखूड. नराचा हा पर काडीसारखा निमुळता असतो. गाभण मादीच्या पोटाशीं मागें काळसर डाग दिसतो. मादी सुमारें २ इंच व नर त्याहून लहान.

गंबुसिया अळ्या खातो हें खरें. पण देशी माशांचीं अंडीं व पिलें, तसेंच बेडकांचीं पिलेंही तो खातो. तो अंडीं न घालतां जिवंत पिलें देतो. एकदां नराशीं संग झालेली मादी वीर्य सांठवून पुढेंही पिलें देऊं शकते. म्हणून एकच मादी सबंध तळें भरून टाकण्यास पुरते. पुढें तळें भरून वाहिलें कीं तीच संतति ओढ्यास मिळते व तेथून ती परत काढणें जवळजवळ अशक्य होतें.

यास्तव आमची सूचना अशी कीं, विहिरीसाठीं आपल्याच ओढ्यांतील पांढऱ्या ठिपक्याचा मासा निवडावा. बरणींतील मासा गंबुसिया ठरल्यास तो ओढ्यांत परत सोडूं नये. ठेवणेंच असल्यास ज्या टांकीचें पाणी बाहेर वाहत नाहीं अशा बंदिस्त टांकींतच ठेवावा.