समुद्रविंचू कोणत्या खडकात शोधावा?

वाशिम जिल्ह्यात विहीर खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थर साचून तो तयार झाला. समुद्रविंचू त्याआधी १८ कोटींहून अधिक वर्षे नामशेष झाले होते. त्यामुळे या पाषाणात ते मिळणार नाहीत. मग महाराष्ट्रात त्यांना शोधायचे तरी कुठे?

समुद्रविंचू म्हणजे युरिप्टेरिड. ते विंचू आणि हॉर्सशू क्रॅब यांचे प्राचीन नातलग. न्यूयॉर्कमध्ये मिळालेला त्यांचा जीवाश्म १८१८ मध्ये सॅम्युएल मिचिल यांना मासा वाटला. १८२५ मध्ये जेम्स डीके यांनी तो सांधेदार पायांचा प्राणी असल्याचे ओळखले. जर्मनीत प्रूमजवळ मिळालेला एक डेंगा ४६ सेंटीमीटर लांब आहे. त्यावरून त्या प्राण्याची लांबी सुमारे अडीच मीटर असल्याचा अंदाज २००७ मध्ये मांडला गेला. हे प्राणी वाढताना कवच टाकत. सापडणारे बहुतेक जीवाश्म या कातीचेच असतात.

आता पैनगंगेबरोबर खाली जाऊ. वाशिमच्या सीमेवर ती काळ्या पाषाणावरून वाहते. पुढे यवतमाळ जिल्ह्यात मुकुटबनच्या बाजूला चुनखडक लागतो. तो समुद्रातच साचलेला, पण शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे प्राण्यांच्या उदयाआधीचा. पाषाण फार तरुण, चुनखडक फार जुना.

या दोहोंच्या मधला काळ वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांत आहे. ते पर्मियन काळातले. समुद्रविंचवांचा अंत याच काळाच्या अखेरीस, २५.२ कोटी वर्षांपूर्वी झाला. कोळसा समुद्रात नव्हे, नद्या-दलदलींत तयार झाला, तरी आशा सोडायचे कारण नाही. नावात समुद्र असला तरी शेवटच्या काळातले अनेक युरिप्टेरिड गोड्या पाण्यात राहत. ब्राझीलच्या पर्मियन कोळसाधारक थरांत हॅस्टिमिमा हा युरिप्टेरिड मिळाला आहे, आणि तेव्हा ब्राझील व भारत गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते. ग्लोसॉप्टेरिस वनस्पतीची पाने दोन्हीकडे सापडतात.

म्हणून वणी-घुग्घुस परिसरातल्या कोळशासोबतचा शेल केवळ टाकाऊ दगड मानू नये. त्यात खवल्यांसारखी नक्षी असलेला कवचाचा तुकडा दिसला, तर छायाचित्र घ्यावे, जागा आणि थर यांची नोंद करावी आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवावे. कोणत्या थरातला हे ठाऊक नसेल, तर दुर्मीळ जीवाश्मही आपला काळ सांगू शकत नाही.