साडेतेवीस मिलिमीटरांचा भरवसा

औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या मराठी घरांत म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की बीदर-कलबुर्गीइतकीच उदगीर, लातूर, सोलापूरची नावं निघतात. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. दवाखाना कुठलाही असो, ऑपरेशनआधी माणसाला ज्या यंत्रासमोर बसवतात, त्याच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ते यंत्र म्हणजे ऑप्टिकल बायोमीटर.

मोतीबिंदू काढल्यावर आत कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं, हे या यंत्राच्या आकड्यांवर ठरतं. पारपटलापासून मागच्या पडद्यापर्यंत मोठ्या माणसाचा डोळा सरासरी साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. या मापात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने हुकतो. नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडले यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. ते भिंग डोळ्यात टिकलं, पण त्या बाईंना पुढे उणे अठराच्या घरातला चष्मा लागला. भिंगाची ताकद आधी मोजून ठरवण्याचं शास्त्र तेव्हा हाताशी नव्हतं.

पुढे ए-स्कॅन आला. त्यात ध्वनिलहरी डोळ्यात सोडतात आणि पडद्यावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून लांबी काढतात. अडचण हाताची आहे. बधिर केलेल्या डोळ्याला यंत्राचं टोक लावताना जरासा दाब पडला, तरी डोळा एक-दोन दशांश मिलिमीटरने आखूड भरतो. व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ आडोल्फ फेर्चर यांनी 1980च्या दशकात प्रकाशाच्या व्यतिकरणाने, डोळ्याला न शिवता, हीच लांबी मोजून दाखवली. 1999 मध्ये झाइस कंपनीचं ‘आयओएल मास्टर’ बाजारात आलं आणि मोजणीची पद्धतच बदलली.

निरोगी डोळ्यावर हे यंत्र थक्क करतं. एकाच डोळ्याचं माप पुन्हापुन्हा घेतलं, तरी फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत राहतो. पण हा लौकिक त्या निरोगी डोळ्याचा आहे. सत्तरीच्या शेतकऱ्याच्या डोळ्याला तो आपोआप लागू होत नाही, असं मला ठामपणे वाटतं. डोळ्यातलं मूळ भिंग गढूळ झालं की प्रकाश विखुरतो आणि परत येणारा संकेत क्षीण होतो. भिंगाच्या मागच्या आवरणालगतचा मोतीबिंदू किंवा पिकून पांढरा झालेला मोतीबिंदू असेल, तर जुन्या यंत्राला लांबी सापडतच नाही. म्हणून ते प्रत्येक मापासोबत संकेताची प्रत आकड्यात दाखवतं. ती दोनच्या खाली गेली की माप संशयास्पद समजायचं. 1055 नॅनोमीटरच्या लांब लहरी वापरणारी नवी यंत्रं बरीच खोलवर पोचतात, तरी अगदी पिकलेल्या डोळ्यापुढे तीही थांबतात. मग पुन्हा ए-स्कॅनच काढावा लागतो.

दोन यंत्रांची मापं एकमेकांशी जुळतात का, हा वेगळाच प्रश्न आहे. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं, की दोन पद्धतींचे आकडे बरोबरीने चढत-उतरत असले तरी त्यांच्यात ठरावीक अंतर राहू शकतं. इथे तसंच होतं. ध्वनी पडद्याच्या पुढच्या पृष्ठावरून परततो, प्रकाश त्याच्या मागच्या थरावरून. म्हणून दोन्ही पद्धतींसाठी भिंगाचा स्थिरांक, म्हणजे नंबर काढण्याच्या सूत्रात त्या भिंगासाठी घालायचा आकडा, वेगळा धरावा लागतो. एकाचं माप दुसऱ्याच्या स्थिरांकात घातलं, की यंत्र अचूक असूनही नंबर चुकतो.

सीमाभागात आणखी एक गोष्ट मापात उतरते, ती म्हणजे भाषा. रुग्णाने आतल्या लाल दिव्याकडे स्थिर पाहिलं, तरच किरण योग्य जागी पोचतो. त्यामुळे तंत्रज्ञ एकाच सकाळी “आजी, हनुवटी टेका, लाल दिव्याकडं बघा” म्हणतो, पुढच्याला “केंपु लाइट नोड्री” आणि त्यानंतरच्या बाईंना “अम्मा, लाल बत्ती देखो”. दाट मोतीबिंदूमुळे दिवाच दिसत नसेल, तर नजर भटकते. उन्हाधुळीत राबलेल्या डोळ्यात अश्रूंचा थर तुटक असतो. पारपटलाची गोलाई मोजताना आकडे हलतात. अशा वेळी पापण्या मिटायला लावून पुन्हा मोजणारा, ही मापं थेंब टाकण्याआधी आणि डोळ्याला काही टेकवण्याआधी घेणारा, दोन्ही डोळ्यांच्या लांबीत तीन दशांशांहून जास्त फरक दिसला की फेरमोजणी करणारा माणूस मला यंत्राच्या किमतीपेक्षा मोलाचा वाटतो. 2015 ते 2019च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा 66.2 टक्के निघाला. उशिरा येणाऱ्यांचे डोळे मोजायला अवघड असतात आणि आपल्याकडे असे लोक पुष्कळ आहेत.

ध्वनीच्या काळात नंबर चुकण्यामागे निम्म्याहून जास्त वाटा लांबीच्या मापाचा होता, असं नेत्रतज्ज्ञ ओल्सेन यांनी 1992 मध्ये मांडलं. प्रकाशाच्या काळात, 2008 मध्ये, संशोधक नॉर्बी यांच्या हिशेबात तो 17 टक्क्यांवर आला. त्यांच्या यादीत सगळ्यात वर भिंग आत नेमकं कुठे स्थिरावेल याचा अंदाज आहे आणि लगेच खाली, 27 टक्के, ऑपरेशननंतरची चष्म्याची तपासणी. ही तपासणी नीट झाली, तर तिचे आकडे दवाखाना आपल्या स्थिरांकात घालतो आणि पुढच्या रुग्णाचं भिंग अधिक नेमकं बसतं. त्यासाठी रुग्णाने महिन्या-दीड महिन्याने परत यायला हवं. शिबिरातून ऑपरेशन झालेली आजी दिसायला लागल्यावर तुरीच्या रानात जाते. तिला परत आणायला गाडी पाठवण्याचा खर्च शिबिराच्या अंदाजपत्रकात ऑपरेशनच्या खर्चासोबतच धरला पाहिजे.