पेशींचे आसंजन आणि स्मृतीचा ऱ्हास

फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात १९०१ साली औगुस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. पतीचे नाव विचारले असता त्या स्वतःचेच नाव सांगत. त्यांना तपासणारे डॉक्टर आलोइस आल्झायमर. १९०६ साली बाई निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या छेदांत आल्झायमरना पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते आढळले. पुढे शतकभर संशोधकांची दृष्टी प्रामुख्याने या थरांवरच खिळून राहिली. ती काहीशी अधिकच खिळली, असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील निकोलाओस रोबाकिस यांनी या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. थर ज्या प्रथिनापासून बनतो त्याचे जनुक १९८७ साली शोधणाऱ्यांत तेही होते. १९९५ साली लहान वयात होणाऱ्या आनुवंशिक आल्झायमरशी निगडित प्रेसेनिलिन-१ हे जनुक सापडले. त्याचे प्रथिन पेशीत नेमके कोठे असते, हा प्रश्न रोबाकिस यांच्या गटाने घेतला. १९९९ साली उत्तर मिळाले: पेशी एकमेकींना जेथे भिडतात तेथे, कॅडहेरिनला बिलगून.

येथे थोडे थांबले पाहिजे. शेजारच्या पेशींनी एकमेकींना धरून राहणे याला परिभाषेत आसंजन म्हणतात. शब्द रुक्ष वाटतो खरा. पण त्याचा धातू सञ्ज्, आणि ‘आसक्ती’ व ‘संग’ हे त्याच धातूचे. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी या कामातील प्रथिनांना १९८४ साली कॅडहेरिन हे नाव दिले. दोन पेशींच्या पटलांतून बाहेर आलेले हे रेणू कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकांत गुंततात. मेंदूत दोन चेतापेशींच्या संधिस्थानीही एन-कॅडहेरिन हेच काम करते.

प्रेसेनिलिन हे पटलातील प्रथिने कापणाऱ्या कात्रीचे पाते होय. थराचे द्रव्य तीच कात्री कापून काढते. रोबाकिस यांच्या गटाने २००२ साली दाखविले की ती ई-कॅडहेरिनही कापते. २००३ साली याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. एन-कॅडहेरिनचा कापलेला तुकडा पेशीत जाऊन सीबीपी नावाच्या प्रथिनाचा नाश घडवितो व काही जनुकांचे कार्य आवरतो. रोगास कारण होणाऱ्या जनुकदोषांमुळे हा छेदच नीट होत नाही. तेव्हा रोगाचे मूळ साचण्यात किती आणि नित्याचे काम बंद पडण्यात किती, हा प्रश्न उभा राहिला.

प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता. ही कात्री रोखणाऱ्या सेमागासेस्टॅट या औषधाची रुग्णांवरील चाचणी २०१० साली थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक खालावली होती आणि त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढला होता. कात्रीला इतरही कामे असतात, याची ही फार महाग पडलेली जाणीव. थर दूर करणाऱ्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. त्याने ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतो, गेलेली स्मृती परतत नाही.

प्रेसेनिलिनचा दोष असलेली कुटुंबे जगात थोडीच आहेत. उतारवयात हा रोग होणाऱ्या बहुसंख्यांत ते जनुक निर्दोष असते. त्यांच्या मेंदूत पेशींची पकड का सुटते, याचा शोध अजून चालू आहे.