बिऱ्हाड आणि घर

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईकर मंडळी गावी आली, की गप्पांना एक ठराविक वळण लागते. आंब्याची चौकशी होते, पावसाची होते, कोणाचे लग्न ठरले ते कळते, आणि मग कोणीतरी सहज बोलल्यासारखे सांगतो, "यंदा आम्ही फ्लॅट बुक केला." क्षणभर सर्वजण गप्प होतात. त्या स्तब्धतेत कौतुक असते, किंचित हेवाही असतो. आणि घरातील वृद्ध माणसांच्या मनात न विचारलेला एक प्रश्न असतो : मग या घराचे काय?

आमच्या वाडवडिलांपुढे हा प्रश्न फारसा उभा राहात नसे. बिऱ्हाड आणि घर हे दोन शब्द त्यांनी कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. घर गावी असे; मुंबईस असे ते बिऱ्हाड. बिऱ्हाड मांडावे, हलवावे, प्रसंगी पाठीवर घ्यावे. घराविषयी अशी भाषा कोणी केली नाही. फ्लॅट विकत घेतला म्हणजे या दोन शब्दांची हळूहळू अदलाबदल होते. शहरातील बिऱ्हाड घर होऊन बसते आणि गावचे घर वर्षातून पंधरा दिवसांचे बिऱ्हाड होते. ही अदलाबदल करावी की न करावी, हे आम्ही कोणास सांगणार नाही. परंतु ती डोळे उघडे ठेवून करावी, एवढ्यासाठी काही गोष्टी वाचकांपुढे मांडीत आहोत.

मुंबईची ओढ आजची नव्हे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावली, त्याच दशकात पहिली कापड गिरणी सुरू झाली, पुढे गोदी वाढली, आणि कोकण, गोवा व घाटमाथा येथील तरुणांना पोटापाण्याची नवी वाट सापडली. बेळगाव जिल्हा तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. काम मिळे, निवारा मात्र मिळत नसे. मुंबईत रोटला मिळतो, पण ओटला मिळत नाही, अशी गुजराती मंडळींची म्हणच आहे.

गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी या अडचणीवर जो तोडगा काढला, तो आम्हांस आजही मोठा विचार करण्याजोगा वाटतो. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावच्या 'कुडी' उभ्या केल्या. कूड म्हणजे एका गावाने आपल्या माणसांसाठी चालविलेले वसतिस्थान. एखादा लांबट दिवाणखाना, भिंतीकडेने रांगेने ठेवलेल्या पेट्या, रात्री अंथरावयाच्या चटया, आणि एका बाजूस गावच्या आश्रयदात्या संताची वेदी. सायंकाळी रोझरीची प्रार्थना होई. ती चुकविणाऱ्यास दंड करण्याचीही काही कुडींत पद्धत होती. आगबोटीवर नोकरी मिळण्याची वाट पाहणारा खलाशी, आचारी, शिंपी, वादक, नुकताच शाळा सोडून आलेला मुलगा, सारे तेथे नाममात्र वर्गणीत राहात. कोणाच्याही मालकीची तेथे एक वीट नसे, मालकी गावाची. नोकरी सुटली, दुखणे आले, तरी डोक्यावरील छप्पर जात नसे. काही कुडी आजही चालू आहेत. अर्थात् तेथे संसार मांडता येत नसे. पत्नी व मुले बहुधा गावी राहात आणि बाप मनीऑर्डरीतून भेटे. कुडीचे कौतुक करताना ही किंमत कोण मोजीत होते, हे विसरणे बरे नाही.

ज्यांना कुटुंब आणावयाचे होते त्यांच्या वाट्यास चाळ आली. एक खोली, पुढे सज्जा, नळ व शौचकूप सामायिक. वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी सरकारने १९२०च्या दशकात बांधल्या. त्यांतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. तीत तीन पिढ्या नांदल्या. त्या चाळींच्या पुनर्विकासात आता एका खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे काम चालले आहे.

भाड्याची खोली आयुष्यभर पुरे, याचे कारण १९४७चा भाडेनियंत्रण कायदा. भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. भाडेकरू सुखावला, परंतु मालकास नवी भाड्याची इमारत बांधण्यात किंवा जुनी दुरुस्त करण्यात स्वारस्य उरले नाही. पागडीचा व्यवहार बोकाळला. भाड्याने घर मिळेनासे झाले, तेव्हा विकत घेण्यावाचून मध्यमवर्गास दुसरी वाट राहिली नाही. मुंबईकरास मालकीचा हव्यास आहे असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ स्वभावात कमी आणि या कायद्यात अधिक आहे, असे आमचे मत आहे.

मालकीच्या घराचा एक सुंदर मार्गही याच शहराने दाखविला होता. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि १९१८ साली वांद्र्यास साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे, या तत्त्वावर कारकून व शिक्षक यांच्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या माणसांनाही घर बांधता येऊ लागले. पुढे बिल्डर आले, इमारती उंच झाल्या, आणि फसवणूक इतकी वाढली की १९६३ साली महाराष्ट्रास मालकी सदनिकांचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

आज तरुण जोडप्यांस मुंबई का हवी असते? केवळ पगारासाठी, असे म्हणणे अर्धसत्य होय. गावात माणूस अमक्याचा मुलगा, तमक्या वाड्यातील म्हणून ओळखला जातो; शहरात त्याचे काम त्याची ओळख ठरते. रात्रपाळी करून लोकलने परतणाऱ्या परिचारिकेस शेजारी जाब विचारीत नाहीत. मुलास विशेष शिक्षणाची गरज असली, आईस कर्करोगाचे उपचार हवे असले, तर ते शहरातच मिळतात. शहर म्हणजे मोहजाल, असे सांगणारे पुष्कळ लेख आमच्या वाचकांनी वाचले असतील. ते लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण शहरात राहूनच ते लिहितात, ही गंमत आम्हांस नेहमी वाटत आली आहे.

भाड्याने राहणाऱ्याचे हाल मात्र खरे आहेत. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की भाडेवाढ अथवा सामानाची बांधाबांध. मांसमच्छी खाणारे म्हणून कित्येक सोसायट्यांत नकार. मुलांची शाळा बदलते, चर्च बदलते, शेजार बदलतो. या फिरतीस कंटाळलेल्या गृहिणीने स्वतःच्या चार भिंतींचा हट्ट धरला, तर त्यास चैन म्हणणे अन्यायाचे होईल. २०११च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख भरली आणि त्यांतील पाचांपैकी दोघे झोपडवस्तीत राहात होते. पक्क्या घराचे मोल त्या शहरात काय असेल, ते यावरून कळावे.

आता हिशेबाकडे वळू. समजा, घराची किंमत साडेबासष्ट लाख आहे. बँक त्यातील ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५० लाख, कर्ज देईल. व्याज साडेआठ टक्के व मुदत २० वर्षे धरली, तर दरमहा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. पहिल्या हप्त्यातील ३५,४०० रुपये व्याजातच जातात. मुद्दलातून फिटतात अवघे आठ हजार. वीस वर्षांत फेड होते सुमारे १ कोटी ४ लाखांची. उरलेले साडेबारा लाख पदरचे. त्याशिवाय मुंबईत सध्या मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे पावणेचार लाख. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास एक टक्का सूट आहे. नोंदणीचे ३० हजार. इमारत अपुरी असेल तर बहुधा ५ टक्के जीएसटी. एवढ्या पैशात मुंबईच्या हद्दीत मिळते ते लहानसेच घर. म्हणून पुष्कळांची पावले विरार-बदलापूरकडे वळतात. विरारहून चर्चगेट ६० किलोमीटर आहे. घर मिळते आणि रोजचे तीन तास गाडीत जातात.

पैसे मोजून हाती काय येते, हेही पाहावयास हवे. जाहिरातीतील 'सुपर बिल्टअप' क्षेत्रात जिना, उद्वाहक व प्रवेशदालन यांचा वाटा मिसळलेला असतो. चटई अंथरता येते ती कार्पेट क्षेत्रावर. २०१६च्या रेरा कायद्याने बिल्डरास कार्पेट क्षेत्र सांगणे बंधनकारक केले. करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्यास घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. प्रकल्पाची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. गावातील कॉलेजात जाणारी कोणतीही मुलगी आजोबांना ती दाखवू शकेल.

इमारत पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे विचारण्यास संकोच करू नये. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८०च्या दशकात मंजुरीपेक्षा अधिक मजले चढविले गेले. तेथे घरे घेतलेली कुटुंबे पंचवीस-तीस वर्षे राहिली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजले पाडण्याचा आदेश कायम केला आणि २०१४ साली त्या घरांची वीज, पाणी व गॅस तोडण्यात आले. शिवाय, फ्लॅट आपला झाला तरी इमारतीखालील जमीन अभिहस्तांतरण होईपर्यंत सोसायटीच्या नावावर चढत नाही. बिल्डर ते करून देत नसेल, तर २००८च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरणा'चा मार्ग खुला झाला आहे. हा शब्द जड खरा, पण इमारत जुनी होऊन पाडावयाची वेळ येते तेव्हा सारे भांडण त्याच कागदावरून होते.

शेवटी गावाकडील बाजू. पदरचे ते साडेबारा लाख पुष्कळदा पदरचे नसतात. बापाने शेत विकून दिलेले असतात. करारनाम्यावर मुलाचे नाव येते, क्वचित सुनेचे. बापाचे येत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाण्यापूर्वी याविषयी भावंडांसमक्ष बोलणे झालेले बरे. गोव्यात तेथील दिवाणी संहितेनुसार घर-जमिनीच्या विक्रीस सामान्यतः पतीबरोबर पत्नीचीही सही लागते. त्यामुळे निदान आईच्या कानावर न जाता काही होत नाही. इतरत्र तेवढीही खात्री नाही.

आणि विकलेले शेत परत घेणे सोपे राहिलेले नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. शेवटचे शेत विकणारा स्वतःच त्या वर्गात जाऊन बसतो. गोव्यात २०२३च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्यास देण्यावर निर्बंध घातले आहेत. कर्नाटकात २०२० सालापासून कोणासही शेतजमीन घेण्याची मोकळीक झाली. तेथे परतणाऱ्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु बंगळूरच्या पैशाशी स्पर्धा करून आपलेच शेत सोडवावे लागते.