विश्लेषण : ट्रकचे पुढचे चाक का निखळते? बेअरिंग आधी कोणते इशारे देते?

धावत्या ट्रकचे पुढचे चाक निखळून अपघात झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. असे चाक सहसा दोन कारणांनी सुटते. एकतर चाकाचे नट सैल झालेले असतात किंवा हबमधले बेअरिंग झिजून निकामी झालेले असते. नट बाहेरून दिसतात, पान्याने तपासता येतात. बेअरिंग मात्र हबच्या टोपीआड असते. तरीही ते सहसा एकाएकी दगा देत नाही. आवाज, उष्णता आणि चाकाचे डगमगणे यांतून त्याचे इशारे आधीच मिळू लागतात. ते कसे ओळखायचे आणि रस्त्याकडेला नट आवळून पुढे निघणे धोक्याचे का, याविषयी...

बेअरिंगचे काम काय?

ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर साधारण सहा-सात टन भार येतो. तो भार पेलत चाक कमीत कमी घर्षणाने फिरते ठेवणे हे बेअरिंगचे काम. बहुतेक ट्रकमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान. त्यांतील रोलर एका बाजूला निमुळते असतात. त्यामुळे वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने येणारा दाब असे दोन्ही पेलता येतात. अमेरिकेतील घोडागाडी उत्पादक हेन्री टिमकन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. आजच्या ट्रकमध्येही मूळ तत्त्व तेच आहे.

बेअरिंग वेळेआधी का झिजते?

जुने, सुकलेले किंवा कमी पडलेले ग्रीस, मर्यादेपेक्षा जास्त माल आणि खड्ड्यांचे धक्के ही नेहमीची कारणे. त्यात पाण्याची भर पडते. लांबून आलेल्या गाडीचा हब गरम असतो. तो अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बेंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथे पाण्याखाली गेला होता. अशा पाण्यातून गेलेल्या किंवा त्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे हब उघडून पाहणे गरजेचे असते. ग्रीस दुधाळ, पांढरट दिसले तर पाणी शिरले असे समजावे. ते ग्रीस तसेच ठेवले तर रोलरवर गंज धरतो आणि तिथूनच पोपडे निघू लागतात.

गाडी चालवताना काय जाणवते?

पहिला इशारा आवाजाचा. वेगाबरोबर वाढणारी घरघर किंवा गुरगुर ऐकू येते. टायरचा आवाज डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. वळणावर मात्र तो कमी-जास्त होतो. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा.

यापुढच्या टप्प्यात स्टीअरिंग थरथरते, गाडी एका बाजूला ओढते, टायर एकसारखा झिजत नाही. हब डगमगू लागल्याने सेन्सरचे अंतर बदलते आणि काही वेळा एबीएसचा दिवा लागतो.

तिसरा इशारा उष्णतेचा. सपाट रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर गेल्यानंतर दोन्ही पुढच्या हबचे तापमान जवळपास सारखे हवे. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर तपासणी लांबवू नये. खंडाळ्याचा घाट उतरून आल्यावर मात्र ही तुलना फसवी ठरते, कारण तेव्हा ब्रेकचे ड्रमच तापलेले असतात. हबला थेट हात लावू नये. तापमान मोजण्याची बंदूक वापरावी किंवा हाताची मागची बाजू थोड्या अंतरावर धरून अंदाज घ्यावा.

दोष बेअरिंगचा की किंगपिनचा?

गॅरेजमध्ये सर्वाधिक गोंधळ इथे होतो. चाक हलते म्हणून बेअरिंग बदलले जाते आणि नवे बेअरिंग टाकूनही चाक हलतच राहते.

तपासणीसाठी गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली भक्कम घोडी द्यावी. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

त्यानंतर टायरखाली पहार घालून चाक वर-खाली हलवावे. हालचाल जाणवली तर दुसऱ्याला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगावे. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरलेली असावी. ब्रेक लागला की हब ब्रेकच्या पाठीमागच्या भागाशी जखडला जातो. अशा वेळी हालचाल थांबली तर दोष बेअरिंगकडे आहे. तरीही चाक हललेच तर किंगपिन आणि त्याचे बुश तपासावेत. चाक वर-खाली न हलता फक्त डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर आधी टाय रॉडच्या टोकांकडे पाहावे.

यानंतर ब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात कमानीच्या पाट्यावर ठेवावा. झिजलेल्या बेअरिंगची खरखर पाट्यातून हाताला कळते.

नट आवळून काम भागते का?

खेप वेळेत पोहोचवायची असते, गाडी उभी राहिली की भाडे बुडते. त्यामुळे रस्त्याकडेला हबची टोपी काढून नट आवळला जातो. चाकाचे हलणे थांबते आणि दुरुस्ती झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रोलरवरून निघालेले धातूचे कण ग्रीसमध्ये तसेच असतात आणि पॉलिश कागदासारखे उरलेला भाग घासत राहतात. आधी डगमगण्यातून मिळणारा इशारा तेवढा बंद होतो.

जास्त आवळलेला नट आणखी धोक्याचा. रोलर दाबले जातात आणि ग्रीसचा पातळ थर टिकत नाही. बेअरिंग तापते, तापून फुगते आणि आणखी घट्ट होते. शेवटी ते जाम होते आणि त्याची आतली रिंग स्टब अ‍ॅक्सलवरच फिरू लागते. मग स्टब झिजतो, नटाचे आटे जातात आणि चाक सुटू शकते. बेअरिंगच्या खर्चात भागणारे काम स्टब आणि हबपर्यंत जाते. निखळलेले चाक समोरच्या दुचाकीवर गेले तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

हब उघडल्यावर काय पाहावे?

बेअरिंग डिझेल किंवा रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवावे. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवू नये, रोलर सुटून इजा होऊ शकते. रोलर आणि कपावर खड्डे, पोपडे, ओरखडे किंवा जळाल्याचा निळसर-काळा रंग दिसला तर बेअरिंग बाद समजावे. बदलताना कप आणि रोलरचा भाग एकत्र बदलावा. जुन्या कपात नवे रोलर घातले तर तेही लवकर जातात. कप हबमध्ये सैल बसत असेल किंवा स्टबवर रिंग फिरल्याच्या खुणा असतील तर नुसते नवे बेअरिंग टाकून उपयोग नाही.

नवे बेअरिंग बसवताना ग्रीस रोलरच्या फटींमध्ये आतपर्यंत दाबून भरावे. वरून लेप देणे पुरेसे नाही. दोन प्रकारचे ग्रीस मिसळू नये. हब गच्च भरला तरी उष्णता वाढते. ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घालावे.

नट किती आवळायचा?

चाक फिरवत फिरवत नट घट्ट करायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग तो सैल करून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने पुन्हा लावायचा. अमेरिकेतील ट्रक देखभाल परिषदेच्या शिफारशीनुसार हब आत-बाहेर हलण्यास ०.०२५ ते ०.१३ मिलिमीटर एवढीच मोकळीक हवी. ही मोकळीक हाताच्या अंदाजाने कळत नाही, त्यासाठी डायल गेज लावावा लागतो. शेवटी नवी स्प्लिट पिन घालावी. काही नव्या गाड्यांत सीलबंद हब असतात. त्यांत ग्रीस भरायचे किंवा मोकळीक ठेवायची नसते, पूर्ण संच बदलतात.

फिटनेस तपासणीवर विसंबावे का?

मालवाहू वाहनांचे फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करून घ्यावे लागते. पण पाणी शिरलेले बेअरिंग दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच निकामी होऊ शकते. म्हणून रोजची नजर महत्त्वाची. चहासाठी गाडी थांबवल्यावर अनेक चालक टॉमीने टायर ठोकून हवा पाहतात. त्याच फेरीत दोन्ही पुढच्या हबच्या उष्णतेचा अंदाज घेता येतो आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस गळते आहे का, हेही दिसते. हबमधून धूर किंवा करकर आवाज येत असेल तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत’ गाडी नेऊ नये. ती रस्त्याच्या कडेला घेऊन इशारा दिवे लावावेत आणि मेकॅनिकलाच तिथे बोलवावे.