हीलरच्या हातातलं हत्यार

जून २०२४ मध्ये ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या ऑनलाइन खेळातल्या काही हीलरांनी संप पुकारला. ‘डॉनट्रेल’ हा नवा विस्तार जुलैच्या सुरुवातीला येणार होता. तो आल्यावर आपण हीलर म्हणून उतरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. गाऱ्हाणी मुख्यतः दोन. बरं करण्यासारखं फारसं कुणी उरत नाही, आणि मग उरलेला वेळ हल्ल्याचं एकच बटण दाबत काढावा लागतो. अनेकांना हा लाडावलेल्यांचा रुसवा वाटला. २०१३ पासून या खेळात इतरांचे जीव सांभाळत आलेल्यांना मात्र तो उशिरा फुटलेला हुंदका वाटला.

वाद जुनाच आहे. मार खाणारा टँक, मार देणारे डीपीएस आणि जखमा भरणारा हीलर अशी कामं वाटून दिल्यावर हीलरने शत्रूवर हातही उचलावा का? १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. तिथले क्लेरिक नावाचे हीलर ‘कम्प्लीट हील’ हा दहा सेकंदांचा मंत्र ठरलेल्या अंतराने, एकामागून एक म्हणत बसत. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या चाळीस जणांच्या मोहिमांत ‘माना’ हा मंत्रांसाठीचा साठा जपण्यातच हीलरची रात्र सरायची, हल्ल्यावर तो खर्च करणं म्हणजे उधळपट्टी. या वादाच्या दृष्टीने ती वर्षं कोरडीच. २०१० मध्ये त्याच खेळाच्या ‘कॅटॅक्लिझम’ विस्ताराने डिसिप्लिन प्रीस्ट या हीलरला ‘अटोनमेंट’ दिलं आणि शत्रूला मारता मारता मित्राची जखम भरू लागली. २०१२ मध्ये ‘गिल्ड वॉर्स टू’ने ठरावीक हीलर ही भूमिकाच काढून टाकली, पण २०१५ च्या विस्तारात मोठ्या मोहिमा आल्या आणि ड्रुइडच्या रूपाने हीलरही परत आला.

खरी रंगत आली ती ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये. २०१० मधला पहिला अवतार सपशेल पडला होता. नाओकी योशिदा यांनी तो मोडून नव्याने उभा केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रेल्म रीबॉर्न’ आलं. त्यात हीलरच्या हाती एक विलक्षण गोष्ट होती: ‘क्लेरिक स्टान्स’. ते बटण दाबलं की बरं करण्याची ताकद देणारा ‘माइंड’ आणि हल्ल्याची ताकद देणारा ‘इंटेलिजन्स’ हे दोन आकडे आपापसांत बदलत. हल्ल्याला धार चढे, उपचार लुळे पडत. आणि एकदा दाबलं की पाच सेकंद माघार नाही.

त्या पाच सेकंदांत सगळी कला होती. बॉसचा पुढचा घाव केव्हा येणार, टँकने ढाल केव्हा उचलली आहे, जोडीदार हीलर कुठे उभा आहे, हे सगळं पाठ असलं तरच तो स्टान्स घ्यायचा. चुकला की टँक आडवा, आणि दोष कुणाचा ते मोठ्या मोहिमेतल्या आठही जणांना ठाऊक. मुंबई-पुण्याहून खेळणाऱ्यांना तर सर्व्हर दूर देशांत असल्यामुळे सिग्नलला लागणारा वेळही हिशेबात धरावा लागे. हीलरांपैकी स्कॉलरची शान काही औरच होती. एओस ही परी आपणहून जखमा भरत राही, आणि स्कॉलर एका शत्रूवर ‘बायो’ आणि ‘मायाझ्मा’ची बाधा लादून ‘बेन’ने ती सगळ्या घोळक्यात पसरवी. व्हाइट मेज या दुसऱ्या हीलरचा ‘होली’ शत्रूंना भाजून काढी आणि काही क्षण सुन्नही करी. सुन्न झालेला शत्रू टँकला मारत नाही. ज्यांना हल्ला आणि उपचार या दोन वेगळ्या जाती वाटत, त्यांना याचं उत्तर कधी देता आलं नाही.

२०१५ च्या ‘हेवन्सवर्ड’ विस्ताराने हीलरच्या हल्ल्याची गरज आणखी ताणली. त्यातल्या ‘गॉर्डियास सॅव्हेज’ मोहिमेत बॉस ठरावीक वेळेत पडला नाही तर सगळे मरत, आणि ती वेळ इतकी कमी होती की हीलरच्या हल्ल्याशिवाय निभावच लागत नसे. तिसऱ्या टप्प्यावर कितीतरी गट फुटले. शिवाय हीलरच्या कपड्यांवर ‘अ‍ॅक्युरसी’ नसे, त्यामुळे हल्ले हुकत. म्हणजे काम मागायचं आणि अवजार द्यायचं नाही. ही चूक रचनाकारांची होती, पण शिव्या खाल्ल्या त्या हीलरांनी.

दोन्ही बाजूंनी खाल्ल्या. ‘माझं सबस्क्रिप्शन तू भरत नाहीस, मी कसं खेळायचं ते सांगू नकोस’ म्हणणारे हीलर भरल्या रक्तपट्टीकडे बघत नुसते उभे राहत. चार जणांच्या पार्टीत एकाने स्वस्थ उभं राहायचं आणि बाकीच्या तिघांनी लढाई ओढत न्यायची, हा त्या तिघांवर अन्याय होता आणि तो तसाच म्हणायला हवा. दुसरीकडे, बाहेरच्या प्रोग्रॅमांनी मोजलेले आकडे नाचवत नवशिक्या हीलरला रडवणारे डीपीएस होते. स्वतः आगीत उभे राहायचे आणि मेल्यावर हीलरच्या हल्ल्याचा आकडा काढायचे. क्रिकेटमध्ये गिलख्रिस्ट आणि धोनीनंतर नुसत्या यष्टिरक्षकाला संघात जागा मिळणं अवघड झालं, तसंच इथेही घडत होतं. फक्त त्या बदलाचा राग इथे माणसांवर निघत होता.

रचनाकारांनी या भांडणावर काढलेला तोडगा मात्र जिव्हारी लागणारा ठरला. जून २०१७ च्या ‘स्टॉर्मब्लड’मध्ये हीलरचा हल्लाही ‘माइंड’वरच चालू लागला. ‘क्लेरिक स्टान्स’चं नाव राहिलं, पण त्यात उरली ती थोड्या वेळापुरती किंचित वाढ. जुलै २०१९ च्या ‘शॅडोब्रिंगर्स’मध्ये तेही गेलं, आणि सोबत स्कॉलरचे ‘मायाझ्मा’, ‘बेन’, ‘शॅडो फ्लेअर’ गेले. व्हाइट मेजचा ‘एरो थ्री’ गेला. उरली एक बाधा आणि एक हल्ला. स्कॉलरचं ‘एनर्जी ड्रेन’ही काढलं होतं, खेळाडूंनी ओरड केल्यावर ते परत आणावं लागलं.

हल्ला करण्याची अपेक्षा तशीच राहिली, हे विसरता येत नाही. मोहिमा आजही हीलरच्या हल्ल्याचा हिशेब धरतात. काढून घेतली ती जोखीम, निवड, अंदाज. नव्यांना सोपं जावं हा हेतू समजण्यासारखा होता. पण नवशिक्या चार महिन्यांत जुना होतो, आणि मग त्याच्यापुढे व्हाइट मेजच्या त्या एकाच हल्ल्याचं ‘ग्लेअर, ग्लेअर, ग्लेअर’ एवढंच उरतं.

डिसेंबर २०२१ च्या ‘एंडवॉकर’ने सेज हा नवा हीलर आणला. त्याचं ‘कार्डिया’ ज्याच्यावर लावलं, त्याची जखम सेजच्या हल्ल्याने भरते. कल्पना सुंदर होती आणि तिच्यातून पुष्कळ काही उभं करता आलं असतं. पण तिच्या खालीही एक बाधा आणि एक हल्ला हाच पाया घातला गेला. त्याच विस्तारात वॉरियर या टँकच्या ‘ब्लडव्हेटिंग’ने इतकी जखम भरू लागली की छोट्या मोहिमांत घोळके अंगावर घेऊन तो एकटाच तगू लागला. हीलरकडे हल्ल्यातली मौजही राहिली नाही आणि उपचारांची गरजही.

‘डॉनट्रेल’मध्ये व्हाइट मेजला ‘ग्लेअर फोर’ मिळाला: ‘प्रेझेन्स ऑफ माइंड’ वापरल्यावर तीनदा दाबायचा, त्याच शत्रूवर, तसाच. संप करणाऱ्यांनी मागितलं होतं ते याहून वेगळं होतं, पण फार मोठं नव्हतं. स्कॉलरला त्याच्या बाधा परत द्या, व्हाइट मेजला चुकण्याची भीती असलेलं निदान एक बटण द्या, टँकला हीलरची गरज पडेल इतका मार खाऊ द्या. ‘मायाझ्मा’ एकदा या खेळात होता आणि लोकांनी तो जवळपास सहा वर्षं नीट वापरला होता, निदान तो तरी परत आणायला कुणाची हरकत असावी?