वाकोदचे भवरलालजी : व्यापार आणि पत

कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावला जावे किंवा सिल्लोडवरून अजिंठ्याचा घाट उतरावा, दोन्ही वाटा मराठवाड्यातून खानदेशात नेतात. अजिंठ्याच्या वाटेवर फर्दापूर मागे पडले की जामनेर तालुक्यातील वाकोद लागते. १८८७ मध्ये राजस्थानच्या कोरड्या मुलखातून अन्नपाण्याच्या शोधात निघालेले एक जैन कुटुंब या गावी येऊन स्थिरावले. १२ डिसेंबर १९३७ रोजी याच कुटुंबात भवरलाल हिरालाल जैन यांचा जन्म झाला. मराठवाडा आणि खानदेशातील अनेक गावांत आपल्या समाजाची घरे अशाच रीतीने वसली. शेतकऱ्याचा हंगाम साधला तर दुकान चालते आणि त्याचे पीक बुडाले तर उधारीही बुडते, हे या घरांतील मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच कळलेले असते.

भवरलालजींनी मुंबईत वाणिज्य आणि कायदा या दोन्ही शाखांचे शिक्षण घेतले. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ते उत्तीर्ण झाले आणि वरिष्ठ सरकारी अधिकारपद समोर आले. साठ वर्षांपूर्वी गावाकडच्या घरात अशी नोकरी म्हणजे केवढे भाग्य! परंतु आई गौराबाईंचे मत वेगळे होते. नोकरीत एका घराचे पोट भरेल; ज्यावर माणसांबरोबर पशुपक्ष्यांचेही पोट भरेल असा शेतीशी निगडित काही व्यवसाय मुलाने करावा, असे त्यांनी सुचविले. त्या स्वतः फारशा शिकलेल्या नव्हत्या. मुलाने त्यांचे ऐकले.

१९६३ मध्ये घरातील तीन पिढ्यांची शिल्लक एकत्र केली, ती भरली सात हजार रुपये. या भांडवलावर जळगावात रॉकेलचा व्यवसाय सुरू झाला आणि कायद्याच्या पदवीधराने हातगाडीवरून रॉकेल विकले. कष्टाची कथा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, पण त्यात हिशेबही होता. खेड्यांत वीज पोहोचायची होती; दिवा आणि स्टोव्ह रॉकेलवरच चालत. माल रोज खपणारा, नफा थोडा आणि पैसा लवकर हाती परतणारा. ज्याच्यापाशी भांडवल अल्प आहे त्याने कोणता माल धरावा, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. ग्राहक मुख्यतः शेतकरीच असल्याने पुढे बियाणे, खते, कीटकनाशके, ट्रॅक्टर, पाइप अशा एजन्सी त्याच ओळखीच्या बळावर मिळत गेल्या.

१९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना तीस लाख रुपयांना घेतला. ती किंमत अनेकांना अवाजवी वाटली. तेथे भुकटी न करता त्यांनी कच्च्या पपईच्या चिकापासून पेपेन काढण्यास प्रारंभ केला. झाडावरील कच्च्या फळाला उभ्या चिरा दिल्या की पांढरा चीक ओघळतो; तो वाळवून व शुद्ध करून जे विकर मिळते, त्याला औषधनिर्मिती आणि अन्नप्रक्रिया उद्योगांत मागणी असते. चीक पुरवणारे शेतकरी परिसरातलेच आणि माल जाई परदेशी. व्यापारी येथे उद्योजक झाला. १९८० मध्ये पीव्हीसी पाइपचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर ज्या कामामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले ते ठिबक सिंचन आले.

ठिबकचे तंत्र मूळ इस्रायलचे. तेथील सिम्हा ब्लास यांनी ते विकसित केले आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून त्याचे व्यापारी उत्पादन होऊ लागले. परंतु मोठ्या शेतांसाठी आखलेला तो संच दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला परवडणार कसा, हा प्रश्न होता. जळगावच्या कंपनीने संच येथल्या शेताच्या मापात बसविला. शासनाच्या अनुदानाचाही त्यात मोठा हातभार लागला, हे नमूद केले पाहिजे. नळी पोहोचवून काम संपत नसे. ती कशी अंथरावी, तोट्या चोंदल्या तर काय करावे, खत पाण्यातून कसे सोडावे, हे बांधावर जाऊन शिकवावे लागे. जळगावच्या केळीला याच ठिबकाबरोबर ऊतिसंवर्धित रोपांची जोड मिळाली आणि दीड वर्षाचे पीक साधारण वर्षभरात हाती येऊ लागले.

भवरलालजींची खरी परीक्षा मात्र यशानंतर झाली. नव्वदच्या दशकात देशात आर्थिक उदारीकरणाचे वारे वाहू लागले. भांडवल बाजारात पैसा सहज उपलब्ध होता. कंपनीने वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा क्षेत्रांत पाऊल टाकले, ज्यांची घरात कोणालाही पिढीजात जाण नव्हती. तोटा झाला, कर्जाचा डोंगर उभा राहिला. श्रावकाच्या व्रतांतील परिग्रह-परिमाण हे व्यापारशास्त्राचेही किती उपयुक्त सूत्र आहे, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

अशा वेळी बाजाराला, सरकारला किंवा नशिबाला दोष देण्याची वाट खुली असते आणि बहुतेकजण तीच धरतात. भवरलालजींनी भागधारकांसमोर चूक आपली असल्याचे जाहीरपणे मान्य केले. आपल्याकडे संवत्सरीला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले जाते. ते आप्तांना म्हणणे सोपे असते. ज्यांचे पैसे आपल्यामुळे बुडाले त्यांना म्हणणे फार कठीण. शेतीबाहेरचे व्यवसाय आवरते घेण्यात आले, बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागभांडवलात वाटा देण्यात आला आणि कंपनी पुन्हा पाणी, पाइप व फळप्रक्रिया या आपल्या मूळ कामावर उभी राहिली. सावरायला काही वर्षे लागली. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ताळेबंदातील तोट्यापेक्षा लपविलेला तोटा अधिक भीतिदायक असतो.

पुढील मानसन्मान सर्वांना ठाऊक आहेत. अमेरिकेतील सिंचन संघटनेचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार १९९७ मध्ये, म्हणजे अडचणींच्या दिवसांतच मिळाला. २००८ मध्ये पद्मश्री. जळगावजवळच्या उजाड टेकड्यांवर पाणी अडवून झाडी उभी केली, त्या आज जैन हिल्स म्हणून ओळखल्या जातात. तेथेच गांधीतीर्थ साकारले. त्याचे लोकार्पण २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. पत्नी कांताबाईंच्या सहवासावर त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. आपल्या समाजातील कर्ती माणसे पत्नीविषयी चारचौघांत फारसे बोलत नाहीत. एका उद्योगपतीने त्यावर पुस्तक लिहावे, ही गोष्ट पद्मश्रीइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये कंपनीवर कर्जफेडीचे संकट पुन्हा ओढवले आणि कर्जदात्यांशी नव्याने तडजोड करून मार्ग काढण्याचे काम मुलांच्या वाट्याला आले.

इकडे कन्नड-खुलताबाद भागात उन्हाळा सरता सरता अद्रक लागवडीची लगबग सुरू होते. गादीवाफे तयार होतात, त्यांवर काळ्या नळ्या अंथरल्या जातात आणि विहिरीत उरलेल्या पाण्याचा अंदाज घेऊन शेतकरी किती वेळ मोटर चालवायची ते ठरवतो.